उलट्या बाजूला

निवती बंदरात सकाळी साडेसहाला
जॅकेटं अजून कालच्या माणसांनी ओली होती.
बाबल मेतरनं एकेक झटकून आम्हाला घातली,
म्हणाला, "डॉल्फिन गावतले.
देवमाश्याचा मातर मी काय सांगणंय नाय,
तेची मर्जी."

माणशी सहाशे, मुलांना अर्धे.
कोल्हापूरचं पाच जणांचं कुटुंब, कानटोप्यांसकट,
एक नवं जोडपं, हातावरची मेंदी विटलेली,
आणि मी, आणि माझी शर्मिष्ठा, वय नऊ,
जिला देवमाशांच्या सगळ्या जाती पाठ
आणि सातचा पाढा नाही.

मतलई वारा पाठीशी होता,
सुरूंमधून, कुणाच्या तरी चुलीवरून आलेला.
दीपगृहाच्या खडकापर्यंत माझं बरं चाललं होतं.
मग बाबलनं इंजिन बंद केलं
आणि उभ्या होडीला समुद्र
सुपातल्या तांदळासारखा घोळवू लागला.

काल रात्रीचं सुंगटांचं कालवण,
सकाळचा चहा, ग्लुकोजची दोन बिस्किटं,
कठड्यावर पोट टेकून मी
एकेक समुद्राला परत करत होते
तेव्हा मागे कुणीतरी ओरडलं.

ओरडलं, आणि मग कुणीच काही बोललं नाही.
एक आवाज आला फक्त,
ट्रकच्या टायरातली सगळी हवा
एकदम सोडल्यासारखा, पण ओला.
मग वास. कुजक्या माशांचा, कोमट,
कुणी तोंडाजवळ तोंड आणून उसासा टाकावा तसा.
मी मान वळवली तर
आठ पाठी. नारिंगी.
"सगळे एका बाजूक जाव नकात रे!" बाबल ओरडत होता.

"आई, दिसला ना? केवढा होता!"
"हो," मी म्हणाले, ओढणीनं तोंड पुसत,
"केवढा होता."

बाबलनं माझ्याकडे एकदा पाहिलं.
मग हनुवटीनं दाखवलं:
हलत्या पाण्याच्या मधोमध
पाण्याचाच एक तुकडा, खळ्याएवढा,
सारवल्यासारखा गुळगुळीत.
वारा त्याच्या कडेशी येऊन थांबत होता.
"शेपटेन पाणी दाबल्यान," तो हळूच म्हणाला,
"वायच वेळ ऱ्हवतला तसाच."

तेवढा मात्र मी पाहिला, पूर्ण,
कडेकडेनं सुरकुतत जाईपर्यंत.

परतताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,
"बाई पलीकडे होती म्हणान होडी ऱ्हवली,
नायतर कलांडलीच असती."
कोल्हापूरकर हसले. मीही हसले,
सावकाश, घशाला जपत.

संध्याकाळी खानावळीच्या पडवीत
शर्मिष्ठानं चित्र काढलं.
देवमासा पानात मावेना
म्हणून शेपूट मागच्या पानावर गेलं.
होडी नखाएवढी,
तिच्या एका बाजूला टिंबंच टिंबं,
दुसऱ्या बाजूला एकच, वाकलेलं.
"हे कोण?" मी विचारलं.

तिनं निळ्या खडूचा कागद थोडा सोलला
आणि पाणी भरायला घेतलं.