फेस

तिझ्नीतच्या गॅरेजमागच्या खोलीत
इद्दर चहा करतो.
चिनी हिरवी पत्ती, आवळलेली,
बंदुकीच्या छऱ्यांसारखी,
तिचं पहिलं पाणी एका पेल्यात बाजूला,
चहाचा जीव त्यात असतो म्हणे.
मग हातोडीने फोडलेला साखरेचा सुळका,
मग पुदिना, देठांसकट, मुठीने दाबून.

आज अगादीरचे पाहुणे.
त्याने किटली खांद्यापर्यंत उचलली
आणि धार पेला सोडून
तबकावर, चटईवर, कुणाच्या तरी गुडघ्यावर.

कुणी काही बोललं नाही.
सगळे एकदम साखरेकडे पाहू लागले.

कापरा हात त्याने मांडीखाली दडवला,
दुसऱ्याने किटली सरकवली
तुडाकडे. लेकीकडे.
जिने आजवर फक्त पेले विसळले.

ती उभी राहिली.
धार लांबत गेली, सुतासारखी,
मध्ये कुठे तुटली नाही,
आणि पेल्यात फेस चढला, दाट,
त्यात खिडकी दिसावी असा.

इद्दरने घोट घेतला.
बराच वेळ तोंडातच ठेवला.
दातांत अडकलेलं पान काढत म्हणाला,
"पुदिना शिळा आहे.
उद्यापासून तो मी आणत जाईन."