अंगठ्यावरची चादर

रात्री दोनला मला अंगठ्यानं उठवलं.
वाटलं, मागाचा धोटा पायावर पडला असेल,
कामाच्या नादात कळलं नसेल.
दिवा लावला:
लालजांभळा, चकचकीत,
तेल लावून ठेवलेल्या वांग्यासारखा अंगठा.

चौतीस वर्षं चादरी विणतोय मी,
मोराच्या, कमळाच्या, दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या.
आणि त्या रात्री चादरीची एक दशी
अंगठ्याला टेकली
तर असा ओरडलो की समोरच्या घरकुलात दिवा लागला.
बायको म्हणाली, पंखा लावू?
म्हटलं, वारासुद्धा नको.

डॉक्टर हत्तुरेबाईंनी हिशेब मागितला, तो मेहुण्याच्या घरापर्यंत गेला.
जावई म्हणून काळीज माझ्या ताटात, गुर्दाही माझ्याच,
वर बीअर. दुसऱ्या दिवशी
वैशाखात पत्र्याखाली बारा तास माग,
आणि संडास लांब म्हणून पाणी टाळलेलं.
"रक्तात जे विरघळत नाही," बाई म्हणाल्या,
"त्याच्या सुया होतात.
पाय हृदयापासून लांब, गार. तिथं जाऊन बसतात."

पण माझा धाकटा भाऊ त्याच पंगतीत होता,
माझ्याहून दोन वाट्या जास्त ओरपून
तो सकाळी सायकलवर कामाला गेला.

बाकावर माझ्या शेजारी उटगे गुरुजी, अक्कलकोटचे.
गळ्यात लिंग, आयुष्यात अंडं फोडलेलं नाही.
तरी पाय माझ्यासारखाच.
ब्लडप्रेशरची गोळी, आणि वडिलांचाही असाच पाय होता म्हणे.
"गल्लीत म्हणतात, मास्तर चोरून खात असतील."
हे सांगताना त्यांनी पाय धोतराखाली ओढला.

पलीकडं राजव्वा येमूल. तिचा पाय नाही, बोट.
पाळी गेल्यावर चार वर्षांनी सुरू झालं.
हजार विड्या वळायची, आता सहाशेवर अडते,
कारखानदार मोजून पैसे कापतो.
पेर फुटलं तेव्हा आतून पांढरं आलं.
"तंबाखूचा चुनाच शिरला की काय गं आत?"
ती हसली. कुणीच हसलं नाही.
बाईंनी तिला किडनीची तपासणी लिहून दिली,
मला लिहून दिलं, रोज तीन लिटर पाणी.

अहो बाई, आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी.

आठ दिवसांत अंगठा पूर्वीसारखा झाला,
इतका की मलाच खोटं वाटायला लागलं.
पण नळ आला की आधी हंडा नाही,
उभ्या उभ्या दोन तांबे पितो मी.
बायका हसतात, बाई हंडे सरकवून जागा देतात.
झोपताना उजवा पाय चादरीबाहेर.
दुकानदाराला हे सांगितलेलं नाही.

परवा जोडबसवण्णा चौकात गुरुजी भेटले.
डाव्या बुटाला अंगठ्यापाशी गोल भोक पाडलेलं,
कात्रीनं, नीट, कडा शिवून घेतलेली.
म्हणाले, "खिडकी काढली हो.
मोकळं वाटतं त्याला."