अडुसष्ट टक्के

अडुसष्टावर येतं आणि बसकण मारतं.
आधी ठिपक्यांचं कडं फिरत राहतं,
मग तेही दमतं.
माऊस हलवा, हूं नाही. कळ दाबा, चूं नाही.
मुर्मान म्हणतो, काल रात्रभर असंच ठेवलं,
वाटलं, म्हातारं आहे,
जिना चढायला वेळ घेणारच.

मी कुतैसीहून मार्शरुत्कात आदळत आलेय,
स्क्रूड्रायव्हरचं पाकीट मांडीवर धरून,
रिओनीच्या काठावरच्या या एका खोलीत,
जिथे एक कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी
नदीला विचारतो, किती वर आलीस?
विचारायचा.
जुनी सिस्टिम पुसून झालीय,
नवी उंबऱ्यातच अडलीय.

घोडं कुठंतरी पेंड खातंय.
पहिला संशय पेनड्राइव्हवर,
गरीब सापडला की त्यालाच आधी धरायचं.
दुसरा लावला. अडुसष्ट.
रॅमच्या पट्ट्या काढल्या,
मुर्मानच्या नातीच्या खोडरबराने
त्यांचे सोनेरी दात घासले,
आलटून पालटून बसवल्या. अडुसष्ट.
डिस्क तपासायला लावली, सेक्टर न् सेक्टर.
तेवढ्यात त्याने लोबियानी गरम केली, मी खाल्ली,
राजमा जरा खारट होता,
डिस्क निर्दोष.
पंखा फिरतोय. प्रोसेसर माझ्या कपाळापेक्षा थंड.
प्रिंटर काढला, नेटवर्कची वायर काढली,
भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढलं असतं.
अशा वेळी आधी माणूस हँग होतो.

मग वाकून मागे पाहिलं.
धुळीत एकच वायर उरलेली, करडी, जाड,
दोन स्क्रूंनी आवळलेली,
वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर त्याचं अक्षर:
हात लावू नये.
सकाळीच वाचलं होतं मी ते,
आणि शहाण्या मुलीसारखा लावला नव्हता.
ही कुठे जाते?
खाली, तो म्हणाला. पाण्यात.

तेव्हा कळलं पाणी कुठं मुरतंय.
नवी सिस्टिम दारोदार विचारत येते, कोण आहे?
कीबोर्ड म्हणतो मी, स्क्रीन म्हणतो मी,
आणि मागच्या या दारातून नदी
बोलतच सुटते:
एकशे बारा, एकशे बारा, एकशे तेरा.
बिचारी तिला माऊस समजून
ऐकत उभी.

काढावी लागेल, मी म्हटलं. वीस-पंचवीस मिनिटं.
मुर्मान बसला. उठला.
एका वर्षी, तो म्हणाला, बारा मिनिटं पुरली होती.
कशाला, ते सांगितलं नाही.
रबरी बूट चढवले, बॅटरी घेतली,
वही माझ्यापुढे ठेवली, पेन्सिलीला टोक काढून:
मी ओरडेन, तू लिही.

स्क्रू गंजलेले. वळले.
अंधारातून आवाज आला: एकशे तेरा!
लिहिलं.
स्क्रीनवर एकोणसत्तर.
एकशे तेरा!
सत्तर की एकाहत्तर, बघायचं राहिलं.
एकशे चौदा!
ब्याऐंशी.
मग आवाजच नाही.
सहा मिनिटं, सात.
ज्या आकड्यांसाठी दिवसभर जीव टाकला
ते आपसूक चढत होते,
मी दाराकडे बघत होते.
मग खोकला. मग:
एकशे चौदा! बॅटरी पडली होती!

सिस्टिम उघडली, निळी, अनोळखी,
पाहुण्यांच्या खोलीसारखी नीटनेटकी.
त्याचा जुना प्रोग्राम चढवला, वायर जागेवर आवळली,
नदी पुन्हा बोलू लागली.
मधल्या ओळी कोऱ्या होत्या.
वहीतले आकडे मी एकेक करून भरले.
शेवटी एक रकाना अडून बसला,
कोणत्या यंत्राने मोजलं, हे लिहिल्याशिवाय
पुढे जाऊ देईना.

तो चुलीशी मोजे पिळत होता.
मी लिहिलं: मुर्मान, बुटांसह.
घेतलं त्याने.