मखमलीची लव

काचेवरचा थर इतका पातळ
की तो आहे, याला पुरावा फक्त माझी वही.
पॉलिइमाइडचे चार थेंब, गरगरणारी चकती,
मग तासभर भट्टी, अडीचशे अंशांवर.
सागरमाळावर लाईट गेली
की तास पुन्हा पहिल्यापासून.

नंतर कापडानं घासायचं.
पुस्तकात एवढंच आहे: घासा.

मी घासलं. पुढं मागं, पुढं मागं,
पितळी तांब्या घासावा तसं, जीव तोडून.
दोन काचा समोरासमोर लावल्या,
मधे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी फट,
तीत द्रवस्फटिक सोडला.
ताकासारखा गढूळ तो आत सरकत गेला
आणि निवळला.
सगळे रेणू आडवे, एका ओळीत निजलेले.

मी वीज दिली
आणि ओळ फुटली.
निम्मे या टोकाकडून उठले, निम्मे त्या,
जिथं त्यांची गाठ पडली तिथं एक रेघ,
वाकडीतिकडी,
पूर ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी.

अकरा सेल असेच गेले.
इंगवले सर डोळा न काढता म्हणाले,
"ओळ आहे गं.
तोंड कुणीकडं करायचं, ते सांगितलेलं नाहीस त्यांना."
आणि चहाला निघून गेले.

मखमल संपली म्हणून गुजरीत गेले,
इलाहीचाचा मोमीन यांच्याकडं.
ते दागिन्यांच्या डब्या करतात.
तीन फुटांचं दुकान, सरसाचा वास,
लाल-निळ्या कातरणांचं पोतं.
"परत आलीस? काय करालीस एवढ्या मखमलीचं?
बाहुलीचं लगीन काढलंईस का?"
"काच घासतो," म्हटलं.
(पुण्यात असते तर 'घासते' म्हणाले असते.)
"दाव कशी."

काउंटरच्या काचेवर दाखवलं.
दोनदाच.
तिसऱ्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं.

"मखमल मांजरागत असती, पोरी.
तिला लव असती.
शेपटीकडनं हात फिरवलास की फिसकारणारच.
एका अंगानं न्यायचं.
मग हात उचलायचा.
उचलायचा! मोकळाच माघारी आणायचा.
परत तिथनंच."

त्या रात्री प्रयोगशाळेत
मी चाळीस वेळा हात नेला
आणि चाळीस वेळा रिकामा परत आणला.
बाहेर मोर ओरडत होते. खांदा दुखायला लागला.
वाटलं, अर्धं काम तर हवेतच चाललंय.

पण थराला उतार आला होता.
अंशभर असेल, दोन असेल,
बोटाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही.
काचेलगतची पहिली रांग त्यावर जराशी रेलते,
दुसरी पहिलीकडं बघून,
तिसरी दुसरीकडं,
अशा हजारो.
मधल्यांना तर काच आहे हेही ठाऊक नसतं,
शेजारी जसा कलला तसे ते कलतात.

वीज दिली.
सगळे एकाच अंगानं उठले.
उजळ चौकट काळी झाली, एकसंध,
कुठं रेघ नाही, धागा नाही.
अंधार बघून मी ओरडले
तेव्हा वॉचमन बॅटरी घेऊन धावत आला.

सांगायला गेले तर चाचा हिशेबात.
जुना कॅल्क्युलेटर, पडद्याच्या कोपऱ्यात तडा,
तिथं शाईसारखा डाग पसरलेला.
म्हटलं, चाचा, ह्यातही असाच थर असतो,
कुठल्यातरी कारखान्यात
असाच एका अंगानं घासलेला.

त्यांनी पडद्यावर अंगठा दाबला.
आकडे विस्कटले, रंगीत कडं उमटलं.
अंगठा काढला, आकडे परत जागेवर.
पुन्हा दाबला.
"हात उचलला असंल त्यानं," म्हणाले,
आणि अठ्ठावीस डब्यांचे पैसे
परत पहिल्यापासून मोजायला घेतले.