चार म्हणजे वगळले

शून्य म्हणजे पास, एक म्हणजे नापास,
आणि चार म्हणजे वगळले:
विचारलंच नाही, कारण त्याला ते येणार नव्हतं.
हा चार मला आवडायचा.
पुण्याला गेले की माझ्या बडोद्याच्या मराठीला
सगळे एक देतात, म्हणूनही असेल.

मकरपुऱ्याच्या कारखान्यात एक मशीन
औषधाच्या गोळ्यांची पाकिटं मोजते.
तिची सिस्टीम अकरा वर्षं जुनी.
चौहाणभाई हात लावू देत नाहीत,
"चाले छे ने?" एवढंच म्हणतात.
तिची जुळी आमच्या ऑफिसात, रॅकच्या तळाशी.
नव्या चाचण्या रोज रात्री तिच्यावरही चालतात:
दोन खोटी नेटवर्क कार्डं, मधे खोटी तार,
इकडून पॅकेट सोड,
तिकडे पोचलं का बघ.

ध्रुमिल म्हणाला, हेमांगीबेन,
एकशे बारात सदतीस चार!
काढून टाका ना तिला आता.
मी म्हटलं, उद्या बघू,
आणि यादी उघडून बसले.
सेव-उसळीचा डबा तसाच गार झाला.

एकोणतिसावी चाचणी. ओळ माझ्याच हातची.
तिच्यात मी विचारलं होतं आवृत्तीचं वय:
पाच-चारच्या अलीकडची असशील तर जा.
येतं का, हे विचारलंच नव्हतं.
तिला तर येत होतं.
कुणीतरी नवी सोय मागे आणून
तिच्यात शिवून ठेवली होती,
बाहेरचा आकडा न बदलता.

आणि त्याच ओळीत, दशांश समजून,
मी पाच-दहाला पाच-चारपेक्षा लहान ठरवलेलं.
म्हणजे वरच्या खणातली नवीसुद्धा
दारातूनच परत.
तीन वर्षं हिरव्या यादीत ही चाचणी,
आणि चालली कुणावरच नाही.

ओळ खोडली. लिहिलं: आधी करून बघ,
नाहीच जमलं, तर चार.
जुनीवर पॅकेट गेलं, पोचलं. शून्य.
नवीवर: एक.
पुन्हा चालवली. एक.
दर तिसरं पॅकेट कुठेतरी गळत होतं.

पहाटे विश्वामित्रीच्या पुलावर गाडी थांबवली.
खाली चिखलात मगर पडली होती,
तोंड उघडं, कसलीच घाई नसलेली.

ध्रुमिलला मेसेज केला: जुनी राहू दे,
नवीचं बघू.
सदतीसातला एक गेला.
आता या चारांचं आणि माझं
छत्तीस.