सात फरश्या

फुरसुंगीच्या शेडला शहाबादी फरशी आहे.
तेवढं एक बरं. अंतर मोजता येतं.

डांबर आला तेव्हा
त्याच्या-माझ्यात सात फरश्या होत्या.
वहीत लिहिलं : आज काही केलं नाही. बसले.

पाठ त्याच्याकडे, तोंड कंपाउंडकडे,
पलीकडे सासवड रोडचे ट्रक,
मांडीवर उकडलेल्या कलेजीचा डबा,
माझा उपास असेल त्या दिवशीसुद्धा.
मागे न बघता एक तुकडा टाकायचा
आणि ऐकत नाही असं दाखवत
ऐकायचं, खातोय का.

कागदावर तो एवढाच होता :
'चावरा. तिघांना. जेवताना जवळ जाऊ नये.'
अक्षर मात्र वळणदार.
अर्धा कान हडपसरच्या मंडईमागे
कुणाकडे तरी राहिलेला.

सहा फरश्या. पाच.
पुन्हा सहा, कारण इक्बाल झाडायला आला
आणि डांबर भिंतीत शिरायला निघाला.
भिंत जागा देईना, तेव्हा वळला, दात घेऊन.
"मॅडम, मी तर याला काहीच केलं नाही."
"तू नाही रे. खराट्यानं."

मग खराट्याचीच उजळणी घेतली.
खराटा लांब, आडवा, मेल्यासारखा : कलेजी.
खराटा भिंतीला टेकलेला : कलेजी.
खराटा इक्बालच्या हातात, इक्बाल बसलेला : कलेजी.
इक्बाल उभा :
इथे एकोणीस दिवस गेले.
मग गावातल्या पथकानं ढोलाचा सराव सुरू केला
आणि पुन्हा सात.

लोक विचारतात, किती दिवसांत सुधारतो?
अहो, हा हुशार आहे.
काठी म्हणजे काय ते
एकदाच शिकवलं कुणीतरी, यानं जन्माचं पाठ केलं.
पाठ झालेला पाढा विसरायला
किती दिवस लागतात, तुम्हीच सांगा.

चार फरश्या. तीन. वाडगा.
वाडग्यातलं काढायचं नाही, वरून घालायचं फक्त,
म्हणजे हळूहळू पटतं
की येणारा प्रत्येक हात न्यायला येत नाही.
(मलाही हे उशिराच पटलं. ते वहीत नाही.)

मार्था साळवे, घोरपडी. ससूनमधून निवृत्त.
फॉर्मवर 'कुत्रा का हवा?' पुढे लिहिलेलं :
सोबत. बडबडी नको.
वाचूनच आवडल्या.
मग रिक्षा थांबली
आणि त्यांच्या आधी त्यांची काठी उतरली.

डांबरनं काठीकडे पाहिलं. मी डांबरकडे. इक्बालनं माझ्याकडे.

बाईंनी काठी खाली ठेवली, आडवी,
आणि दाराची चौकट धरून, गुडघे मोजत मोजत
फरशीवर बसल्या. पाठ त्याच्याकडे.
मी अजून सांगितलंच नव्हतं.
"पेशंटचं असंच असतं," म्हणाल्या,
"आपण तोंडाकडे बघितलं की त्याला सुईच दिसते."

नऊ रविवार आल्या, चर्च सुटल्यावर.
काठीला कलेजीचा वास बसला,
बाकावरची शेजारीण सरकून बसू लागली.

गुरुवारी गेला. म्हणजे रिक्षात शिरेना.
अर्धा तास आम्ही तिघं रस्त्यावर उभे, मीटर चालू,
रिक्षावाला पुण्याचा, तरी काही बोलला नाही.

परवा फोन : दूधवाल्यावर गुरगुरला.
"मग तुम्ही काय केलंत?"
"तुम्ही सांगितलं तेच. काही नाही."

काठी उचलली की उरलेला कान अजून मागे जातो.
जाऊ दे.

माझी सवय मात्र जात नाही.
बँकेत, लग्नात, नणंदेच्या घरी
मी माणसांकडे जरा तिरकी चालत जाते,
हात आधी दाखवते.

सहा नंबरात नवी आली आहे,
ताथवड्याच्या बांधकामावरची, पाठीवर सिमेंट वाळलेलं.
नाव अजून नाही.
सात फरश्या.
आज काही केलं नाही.
बसले.