चार गेरू, एक काळा

कार्डावर नाव होतं 'लोणी'.
भिंतीवर हातभर लावलं
तर पोटदुखीचं औषध.

"उन्हात बघा, भाभी," वाहिद म्हणाला.
विक्रोळीत, दुसऱ्या मजल्यावर
ऊन पावणेअकराला येतं, तेही सरळ नाही;
समोरच्या सोसायटीच्या पोपटी भिंतीवर आपटून
आमच्या ओट्यावर पडतं.
म्हणजे दोष लोण्याचा नव्हता.

त्याने डब्यात गेरूचे चार थेंब सोडले.
मग एक काळा.
"काळा कशाला?"
"त्याच्याशिवाय पिवळा गप्प बसत नाही."
आमच्याच मोडक्या लाटण्याने ढवळत राहिला,
मी कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरले.

तिसरा पट्टा.
ट्यूबखाली बघितला, ट्यूब बंद करून बघितला,
फोडणीचा धूर जाईपर्यंत थांबून पुन्हा.
सोललेल्या वालांचा रंग.
हाच.

दोन हात झाले, मांडणी परत ठोकली.
आज चहा गाळताना दिसलं,
समोर पोपटी भिंतीला
परांची बांधतायत.

उरलेल्या पाव लिटरवर
झाकण घट्ट ठोकून ठेवलंय,
वर पेनने प्रमाण
आणि वाहिदचा नंबर.